मी ट्यूब, निरोप्या नव्हे

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली जुनी ट्यूब आहे. हसायचं तर नंतर हसा, आधी माझं ऐकून घ्या. मला कोणी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पैनगंगेवर त्या दिवशी जे झालं ते झालं नसतं.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर पांढरी पावडर होती, न्हाऊन आलेल्या लेकराला लावतात तशी. मग घडी घालून मला खोक्यात भरलं आणि पांढरकवड्याच्या दुकानात आणलं. तिथून घाटंजीकडच्या एका शेतकऱ्यानं मला नेलं आणि टायरच्या आत कोंबलं. झालं. त्यानंतर कित्येक वर्षं, पंक्चरची वेळ सोडली तर, मी सूर्य पाहिला नाही.

पण कामात मी कधी मागं हटले नाही. नांगरणी, वखरणी, पेरणी, कापसाची ट्रॉली, सगळं माझ्या जिवावर झालं. लोक म्हणायचे, ट्रॅक्टर दमदार आहे. कोणी म्हणायचे, टायर भक्कम आहे. अरे बाप्पांनो, ते वजन तोललं कोणी? हवेनं. आणि ती हवा पोटात धरून बसलं कोण? ज्याचं काम दिसत नाही त्याचं नाव होत नाही, हे मी अंधारात बसून शिकले.

मला नावाजणारा एकच माणूस भेटला, पंक्चरवाला रहेमान. बाभळीचा काटा घुसला की मला त्याच्याकडे नेत. तो मला पाण्याच्या टाक्यात बुडवायचा, बुडबुडे पाहायचा, घासून ठिगळ लावायचा. पाठीवर थाप मारून म्हणायचा, "असा माल आता येत नाई भाऊ." माझ्या अंगावर त्याची बरीच ठिगळं आहेत. मला त्यांची लाज नाही. कामाच्या बाईच्या हाताला घट्टे असतातच.

मग मालकानं नवे टायर घेतले आणि मला गोठ्यामागं फेकलं. मी तिथं पडून राहिले. एका कोंबडीनं माझ्या मधल्या गोलात अंडी घातली. ज्या अंगावर ट्रॅक्टर उभा राहिला त्या अंगाचं खुराडं झालं! ते पण मी सोसलं.

तिथून मला फुलचंदनं उचललं. फुलचंद पैनगंगेत मासे धरायचा. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पाहायला शहरातून गाड्या यायला लागल्या, तेव्हा त्यानं नदीकाठी दोन तंबू ठोकले आणि पाटी लावली, 'राफ्टिंग व जंगल सफारी'. राफ्ट म्हणजे काय, तर आम्ही चार ट्यूबा, वरून बांबूची ताटी आणि नायलॉनची दोरी. पुढच्या दोघी नव्या कोऱ्या होत्या. मागं डावीकडे एक मुकी होती, आणि उजवीकडे मी. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, उजेड दिसला. पाणी दिसलं. हरणं दिसली. पहिले काही दिवस मला फार बरं वाटलं.

पण माणसाची जात ती जातच. दिवाळीला फुलचंदनं राफ्टची पूजा केली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. कशानं बांधली? बांधकामाच्या तारेनं! आणि तारेचं टोक वळवून आत घालायचं सोडून तसंच ठेवलं, नेमकं माझ्या कुशीपाशी. नमस्कार करून तो निघून गेला. माझ्यात हवा किती आहे, हे काही त्यानं पाहिलं नाही. पूजा करतात आणि बघत नाहीत, ही कुठली रीत? मी मनातल्या मनात खूप बोलले. पण ट्यूबेला तोंड असतं ते फक्त हवा भरायला.

दिवाळी झाली आणि ते जोडपं आलं.

फुलचंदनं त्यांच्यासाठी बांबूला लाल बदामाचे फुगे बांधले होते. 'कपल पॅकेज' होतं ना! त्याला वाटलं, नवी नवरा-नवरी येतील. जीपमधून उतरले कोण? घाटंजीचे भगवानराव, डोक्यावर टोपी, मिशा पांढऱ्या. आणि त्यांच्यामागून त्यांची बायको इंदूबाई, नऊवारीचा काष्टा खोचून, हातात डब्याची पिशवी. दोघांची तोंडं दोन दिशांना. फुलचंदनं फुगे गुपचूप सोडले.

"काका, काकू, या. एक इकडं बसा, एक तिकडं. वजन सारखं ठेवा," फुलचंद म्हणाला. त्यानं दोघांच्या अंगात ते नारिंगी जाकीट घातलं.

इंदूबाई त्याला म्हणाल्या, "त्याइले सांगा, चपला काढून बसा म्हणाव. पाण्यात जाईन तं मंग मले आणून मांगतीन."

भगवानराव म्हणाले, "हिले सांगा, मले समजते म्हणाव."

फुलचंदला वाटलं, थट्टा आहे. थट्टा कसली! राफ्ट धारेला लागली तरी तेच सुरू. त्याइले सांगा, ऊन लागते, तोंड झाका. हिले सांगा, सुपारी दे. दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर, आणि प्रत्येक शब्द फुलचंदवरून जायचा. शेवटी तो वैतागला.

"काकू, मी वल्हं मारू का निरोप पोचवू? काका बहिरे हायेत काय?"

"बरं बाप्पा, तुले नाई सांगत," इंदूबाई म्हणाल्या आणि खाली वाकून माझ्या पाठीवर फाडकन चापट मारली. "मी ह्या ट्यूबले सांगते. आयक व ट्यूब. तिकडं जे मिशीवाले बसले हायेत ना, त्याइले म्हणाव सुपारी पिशवीत हाय. हात लांब करा अन् घ्या."

भगवानरावांनीही खाली पाहिलं. "ट्यूबबाई, सुपारी भेटली म्हणाव."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ओझं वाहिलं. नांगराचं वाहिलं, कापसाचं वाहिलं. पण नवरा-बायकोचा अबोला वाहायची पाळी माझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

इंदूबाई माझ्याशी बोलत गेल्या आणि मला सगळं कळलं. उन्हाळ्यात त्यांच्या अमरचं लग्न झालं. आपल्याकडे लग्नात व्याही, मामा, मावसे, सगळ्यांना दुपट्टा-टोपी देऊन मान करतात. मांडवात एकेकाचं नाव पुकारतात, नारळ देतात, टोपी घालतात. भगवानरावांनी सगळ्या गावाला टोप्या घातल्या आणि केळापूरच्या उकंडाला विसरले. उकंडा म्हणजे इंदूबाईंचा सख्खा भाऊ, नवरदेवाचा मामा! तो हात बांधून मांडवाच्या खांबापाशी उभा होता. कोणी नाव घेतलं नाही. न जेवता तो निघून गेला.

"अन् भाऊबीजेले आला नाई, ट्यूब," इंदूबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "मी तबक घेऊन दारात बसली. दिवा इझे, मी लावो. पुन्हा इझे, पुन्हा लावो. मायबाप गेले, त्या घरात माहं म्हणाले तो एकच उरला. ह्या माणसानं एकदा केळापूरले जाऊन दोन शब्द बोलाव तं बोलत नाई. मिशी खाली येते याची."

भगवानराव पलीकडून माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले म्हणाव, लगनाचा धनी मी होतो. मी काहून कोणाच्या दारात जाऊ?"

अमरची बायको सुरभी शहाणी पोरगी. तिनंच हे फिरणं ठरवलं. "सून म्हणे, आई, बाबांसोबत जरा एकट्या राहून या," इंदूबाई म्हणाल्या. "आता तिले काय सांगू? एकटीच तं हाओ, एका घरात."

नदी छान होती हो. पाऊस होऊन गेलेला, पाणी निवळलेलं, काठाला अर्जुनाची झाडं. एका वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप पाणी प्यायला आला होता. फुलचंदनं वल्हं थांबवून बोट दाखवलं. भगवानराव बघत राहिले आणि म्हणाले, "च्यामायबीन! आपल्या तुरीत शिरते तं आपुन गोटे मारतो. इथं पैसे देऊन पाहून राह्यलो."

इंदूबाईंना हसू आलं. मी पाहिलं. पण ते हसू नवऱ्याच्या बोलण्यावरचं होतं ना! त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ते गिळून टाकलं. मला इतका राग आला म्हणून सांगू. अहो बाई, हसा ना! हसू काय वावरात पिकवून विकायचं आहे, म्हणून राखून ठेवता?

इंदूबाईंची एक हौस होती. केळापूरच्या जंगलाला लागून त्यांचं बालपण गेलं. वाघाची डरकाळी त्यांनी ऐकली, वाघानं मारलेली गाय पाहिली, पण वाघ काही पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपेश्वरची सफारी होती. त्या फक्त तेवढ्यासाठी आल्या होत्या. "वाघ पाहाचा अन् मराचं," असं त्या मला दोनदा म्हणाल्या. भगवानरावांनीही ते ऐकलं होतं.

आणि मित्रांनो, वाघ नदीवरच आला.

डाव्या काठाला, अर्जुनाच्या मुळांमधून तो खाली उतरला. नदी तिथं अरुंद होती. फुलचंद मागं वाकून वल्ह्याला अडकलेलं शेवाळ काढत होता. इंदूबाई रुसून उजवीकडे तोंड करून बसल्या होत्या. वाघ दिसला तो फक्त भगवानरावांना, आणि मला.

त्यांनी इंदूबाईंच्या पाठीकडे पाहिलं. हात अर्धा उचलला. ओठ हलले. फक्त हाक मारायची होती! खांद्याला बोट लावलं असतं तरी झालं असतं. पण इतक्या महिन्यांचा अबोला जिभेवर बसलेला. त्यांनी मान खाली घातली आणि मला पुटपुटले, "ट्यूब... तिले म्हणाव, डाव्या अंगाले पाह्य."

मी म्हणू? मी कशानं म्हणू? जीव तोडून ओरडले तरी माझ्यातून आवाज निघत नाही. वाघ चार घोट पाणी प्याला, त्यानं तोंड वर केलं, आमच्याकडे पाहिलं आणि वळून झाडीत गेला. शेपटीचं टोकही दिसेनासं झालं.

मग भगवानरावांना वाचा फुटली. "फुलचंद! वाघ! वाघ गेला ना बाप्पा आत्ता!"

इंदूबाई गर्रकन वळल्या. काठावर ओल्या मातीत पंजे होते. दुसरं काही नव्हतं. त्यांनी आधी पंजे पाहिले, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि त्यांना कळलं. ह्या माणसानं वाघ पाहिला आणि आपल्याला हाक मारली नाही.

त्यांनी मला पण काही सांगितलं नाही. चापट मारली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि नवऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, अगदी मागच्या उजव्या कोपऱ्यावर, माझ्या टोकावर जाऊन दणकन बसल्या. बांबू खाली दबला. तारेचं ते टोक माझ्या कुशीत घुसलं.

फुस्स. लहानसाच आवाज. पाण्यात बुडबुडे यायला लागले.

रहेमाननं बुडबुडे पाहिले असते. इथं पाहायला कोणी तयार नव्हतं. पुढं खडकांची धार होती, पाणी ढवळून पांढरं झालं होतं. मी आकसत चालले. माझा कोपरा खाली जायला लागला आणि इंदूबाईंचा पदर पाण्याला टेकला. तेव्हा फुलचंदला दिसलं.

"काकू, ट्यूब बसून राह्यली! मधात या, काकांपाशी सरका!"

"मी इथंच बरी हाओ."

"काकू, पोहता येते काय तुमाले?"

"नाई येत. मंग?"

ऐकलं का तुम्ही? मंग! माझ्या जिवावर बेतलेलं, तरी मी एकेक श्वास दातांत धरल्यासारखा धरून बसले होते. पोहता न येणारी बाई माझ्या टोकावर होती, मरायला तयार होती, पण नवऱ्याशेजारी सरकायला तयार नव्हती. आणि तो नवरा दोन्ही हातांनी बांबू धरून नुसता पाहत होता. रागानं फुटायला माझ्यात हवा उरली नव्हती, नाहीतर मी तिथंच फुटले असते.

राफ्टला पहिला खडक लागला. बांबूची ताटी तिरपी झाली. इंदूबाई गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि त्यांचा हात निसटला.

"इंदू!"

हे भगवानराव ओरडले. फुलचंदला नाही, मला नाही. "इंदू, हात दे! दे म्हणतो ना!"

आणि अशा वेळी, मित्रांनो, धारेच्या मध्यावर, ती बाई काय म्हणाली असेल?

"आता आठवलं माहं नाव?"

पण हात दिला. भगवानरावांनी दंड धरून खेचलं आणि दोघं डाव्या अंगाला एका जागी पडले, ती त्यांच्यावर. वजन तिकडे गेलं तसा माझा कोपरा वर आला. फुलचंदनं सगळा जोर लावून राफ्ट वळवली आणि आम्ही खडकांच्या खाली वाळूला लागलो. मी चपटी होऊन वाळूवर पडले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

दोघं ओलेचिंब बसले होते. भगवानरावांची टोपी वाहून गेली होती.

"हाक माराले जीभच उचलली नाई," ते म्हणाले. "वाघ समोर, तू पाठमोरी. तोंडापर्यंत आलं अन् तसंच राह्यलं."

"वाघ गेला तं गेला," इंदूबाई पदर पिळत म्हणाल्या. "वाघाचं मले काई नाई. भाऊ जाऊन राह्यला माहा. तो गेला तं पुन्हा नाई येत."

भगवानराव वाळूत बोटं खुपसून बसले. मग म्हणाले, "उकंडाले मी पाहुणा समजलोच नाई, इंदू. मांडव त्यानं टाकला, पाणी त्यानं भरलं. मले वाटलं, हा तं घरचा. घरच्याले कायची टोपी? ध्यानातच आलं नाई. अन् मंग तो गेल्यावर समजलं, तं कबूल कराची लाज वाटली."

मला वाटलं, आता बाई विरघळतील. कुठल्या!

"हे मले काहून सांगता?" त्या म्हणाल्या. "ट्यूबले सांगतलं, आता मले सांगता. ज्याले सांगाचं त्याच्या तोंडावर जाऊन सांगा ना!"

"जाऊ. घरी जाऊ, कपडे बदलू, मंग एखाद्या दिवशी..."

"एखाद्या दिवशी नाई. उठा. जीप तिकडं रस्त्यालेच उभी हाय. केळापूर काई लंडन नाई."

"असंच? ओल्यानं?"

"असंच. टोपी नाई डोक्यावर, तं अजूनच बरं."

फुलचंद धावत मागं गेला. "काका, काकू! उद्या सकाळची सफारी हाय तुमची! वाघ!"

भगवानराव चालता चालता म्हणाले, "वाघापाशीच चाललो ना बाप्पा."

इंदूबाई यावर हसल्या. मोठ्यानं हसल्या, पदर न लावता. आणि काठावरून वर चढेपर्यंत त्या दोघांचं भांडण सुरू होतं: आधी कोण बोलणार, मिठाई न्यायची की नाही, ओल्या लुगड्यानं जीपची गादी खराब होईल त्याचं काय. सगळं थेट. मध्ये कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तेवढं एक त्यांनी बरं केलं.

संध्याकाळी फुलचंदला भगवानरावांचा फोन आला. सफारी परवावर ढकल म्हणाले, आणि दोघांची नाही, चौघांची कर. मेहुणा आणि मेहुण्याची बायको पण येतील. मागून इंदूबाईंचा आवाज येत होता, "त्याले सांगा, राफ्टवर बी बसवजो म्हणाव, माह्या भावाले धार पाहाची हाय!"

"तूच सांग ना त्याले," भगवानराव त्यांच्यावर खेकसले. मग इंदूबाईंनी स्वतःच फोन घेतला आणि फुलचंदला सांगितलं.

तर मित्रांनो, अशी माझी कथा. तुमच्या घरातल्या वस्तू बोलत नाहीत, म्हणून त्यांचं दुखणं तुम्हीच पाहायचं असतं. सायकलची चेन पाहा, कंदिलाची काच पाहा, पंपाचा पट्टा पाहा. आणि माणसं तर बोलतात. त्यांच्याशी बोलायचं ते त्यांच्याशीच बोला. भिंतीला, मांजराला, ट्यूबेला निरोप देऊ नका. आम्हाला आमची कामं आहेत.

आज मी फुलचंदच्या तंबूमागं निंबाच्या फांदीवर लटकले आहे. त्यानं भोक पाहिलं, "अरे बापरे" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. कालपासून रहेमानकडे नेतो नेतो म्हणतो आहे. उद्या ते चौघं यायचे आहेत. माझ्या कोपऱ्यावर अजून दुसरी ट्यूब बांधलेली नाही. फुलचंद, अरे, चहा पुरे झाला. त्या बाईला पोहता येत नाही.